हळू हसणाऱ्यांचा गट : अर्धशिशीच्या एका ऑनलाइन आधारगटाविषयी

गेली दोन वर्षे मी अर्धशिशीच्या रुग्णांच्या एका ऑनलाइन आधारगटाची सदस्य आहे. दर रविवारी संध्याकाळी तासभराची बैठक, आठवडाभर चालणारी संदेशांची देवाणघेवाण आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारे तीन स्वयंसेवक, एवढाच या सेवेचा पसारा आहे. सदस्य चाळीसच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी दहा-बारा जण बैठकीला असतात. ज्यांना उजेड सोसत नाही त्यांची अडचण होऊ नये म्हणून बैठकीत सर्वांचे कॅमेरे बंद असतात आणि केवळ आवाजावर काम चालते. गटात कोण आहे हे बाहेर सांगायचे नाही हा तिथला पहिला नियम असल्यामुळे मी गटाचे नाव देत नाही, आणि पुढील प्रसंगांत कोणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. अशा गटांविषयी लिहिताना तज्ज्ञांची व्याख्याने, औषधांची माहिती, शंकासमाधान यांचाच हिशेब बहुधा मांडला जातो. मला लिहायचे आहे ते तिथल्या थट्टामस्करीविषयी आणि तिच्यातून जुळलेल्या मैत्रीविषयी, कारण या गटाचा खरा उपयोग तिथूनच सुरू होतो अशी आता माझी खात्री झाली आहे.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. उपचार न केल्यास अर्धशिशीचा झटका प्रौढ व्यक्तीमध्ये ४ ते ७२ तास टिकू शकतो. बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणका लागतो, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही दुखणे वाढते. मायग्रेन हा शब्द ज्या जुन्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘अर्धी कवटी’ असा होतो, आयुर्वेदात या दुखण्याला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे आणि आपल्याकडे ते अर्धशिशी झाले. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या माणसांना नाव ठेवताना डोक्याचा अर्धा भागच आठवावा, याचे मला नेहमी नवल वाटते. जगात साधारण सात जणांमागे एकाला हा त्रास आहे, आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे. एवढे समदुःखी असूनही झटका आला की प्रत्येक जण अंधाऱ्या खोलीत एकटाच पडलेला असतो. ना ताप, ना प्लास्टर, ना टाके. दाखवायला काहीच नसते. त्यामुळे दुखण्याबरोबर आणखी एक ओझे येते, ते म्हणजे ठरलेले बेत ऐन वेळी मोडल्याची लाज आणि आपले दुखणे खरे आहे हे पुन्हा पुन्हा पटवून देण्याचा शीण.

हा शीण घेऊनच मी पहिल्या बैठकीला बसले. त्याआधी दोन महिने मी दुसऱ्या एका गटात होते. तिथे सकाळ-संध्याकाळ फक्त तक्रारी आणि रामबाण उपायांचा मारा चाले, आणि प्रत्येक वेळी फोन खाली ठेवताना मी आधीपेक्षा अधिक आजारी झालेली असे. इथेही तेच ऐकावे लागणार असे गृहीत धरून मी कान टवकारले, तर पहिले वाक्य कानावर आले ते असे : “अंधारकर काका, आज किती पडदे?” त्यावर एक शांत, पोक्त आवाज म्हणाला, “दीड. पण वाऱ्याने हलतोय, सांगता येत नाही.” आणि दहा-बारा माणसे अगदी हळू, जणू झोपलेल्या बाळाशेजारी बसून हसावीत तशी हसली.

पडद्यांचे हे माप म्हणजे या गटाची स्वतःची निर्मिती आहे. दवाखान्यात वेदना शून्य ते दहा या अंकांत विचारतात, पण त्या अंकांनी कोणाचेच समाधान होत नसे. एकाचा सहा दुसऱ्याच्या तीनसारखा वाटे, आणि दहा म्हटले की आपण अतिशयोक्ती करतो आहोत असा संकोच वाटे. मग कोणीतरी सुचवले की खिडकीचे किती पडदे ओढावे लागले तेवढेच सांगावे. एक पडदा म्हणजे उजेड टोचतो आहे पण काम चालू आहे. दोन म्हणजे काम थांबले. तीन म्हणजे दार बंद आणि घरातल्यांनी पावले न वाजवता चालावे. चार म्हणजे आता संदेशही वाचवत नाही. हे माप शास्त्रीय नाही, पण ते बिनचूक आहे, कारण ते वेदनेऐवजी दिवसाचे काय झाले हे सांगते. माझ्या डॉक्टरांसमोरही मी एकदा चुकून “गेल्या महिन्यात तीन पडद्यांचे चार दिवस” असे बोलून गेले आणि अर्थ समजावून सांगितल्यावर त्यांनी ते तसेच टिपून घेतले.

नावांचेही तसेच. खरी नावे वापरायची नसल्यामुळे आणि नुसते क्रमांक माणसांना शोभत नसल्यामुळे गटाने प्रत्येकाला एक आडनाव बहाल केले आहे. अंधाराशिवाय ज्यांचे चालत नाही ते अंधारकर, मानेखाली बर्फाची पिशवी घेऊन बसणाऱ्या त्या बर्फे ताई, घरात सात प्रकारच्या उशा बाळगणाऱ्या उशीकर मावशी, आणि झटक्यापूर्वी ज्याला डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात तो नक्षीकर. आडनाव मिळायला काही आठवडे लागतात आणि ते मागून मिळत नाही. मला ते मिळाले त्या रविवारी आपण या घरचे झालो असे मला मनापासून वाटले. माझे आडनाव इथे सांगता येत नाही, पण त्यात ‘कर’ आहे एवढे सांगते.

या गटाचे हसणे कसे आहे हे शब्दांत पकडणे अवघड आहे. मोठ्याने हसले तर डोके उठते, म्हणून इथे सगळे दबक्या आवाजात हसतात. लेखी संदेशांत हसण्याची चित्रे रांगेने टाकण्यास मनाई आहे, कारण पिवळ्याधमक चित्रांची ती रांग काही जणांना खरोखरच टोचते. त्याऐवजी नुसते ‘हसले’ किंवा ‘हसलो’ असे लिहितात. फार आवडले तर ‘बसून हसलो’, आणि त्याहून मोठी दाद म्हणजे ‘पडून होतो, तरी हसलो’. प्रथम मला हे कृत्रिम वाटले. आता मात्र कोणी ‘पडून होते, तरी हसले’ असे लिहिले की त्या तीन-चार शब्दांत काय आहे ते मला ठाऊक असते.

हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातील हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले होते. त्यांना असे आढळले की यांतील फार थोड्या प्रसंगांत हसण्याआधी काही विनोदी वाक्य उच्चारले गेले होते. बहुतेक हसू ‘बरं, निघते आता’ अशा साध्या बोलण्यामागून आलेले होते. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असेही त्यांनी नोंदवले आहे. हे वाचल्यावर आमच्या गटाचा मला नीट उलगडा झाला. इथे विनोद सांगायला कोणी येत नाही, चुटके पुढे ढकलणाऱ्याला तर सौम्य शब्दांत थांबवतात. हसू येते ते एकमेकांच्या दिवसाचे. उशीकर मावशींनी आठवी उशी घेतली आणि सातव्या उशीला काय वाटले असेल यावर वीस मिनिटे चर्चा झाली, यात विनोद म्हणावा असे एकही वाक्य नव्हते. ती बैठक मला अजून आठवते.

एक प्रसंग जरा जवळून सांगते, कारण या गटाची थट्टा किती कामाची आहे ते त्यातून कळेल. मागच्या वर्षी एका बैठकीत नव्यानेच आलेला एक तरुण सदस्य आपल्या नोकरीतल्या अडचणी सांगत होता. बोलता बोलता त्याने जांभई दिली. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. कॅमेरे बंद असल्यामुळे जांभईचा तो लांबलेला श्वास सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होता. चौथ्या जांभईला बर्फे ताईंनी त्याला थांबवले आणि विचारले, “दादा, मान आखडली आहे का?” तो म्हणाला, “हो, दुपारपासून. तुम्हाला कसं कळलं?” “आणि सकाळपासून विनाकारण चिडचिड?” “घरात दोनदा भांडलो.” यावर क्षणभर शांतता पसरली आणि अंधारकर काका गंभीर आवाजात म्हणाले, “म्हणजे आमच्या गप्पा रटाळ नाहीत. बरं वाटलं ऐकून.” सगळे हसले, तोही हसला, आणि त्या हसण्यातच त्याला समजावून सांगण्यात आले की वारंवार जांभया येणे, मान आखडणे, चिडचिड होणे, थकवा वाटणे ही अर्धशिशीची पूर्वलक्षणे असू शकतात आणि ती प्रत्यक्ष दुखणे सुरू होण्यापूर्वी काही तासांपासून ते एक-दोन दिवसांपर्यंत आधी दिसू शकतात. आठ वर्षे हा आजार सोसणाऱ्या त्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते. जांभया म्हणजे आपला आळस असेच तो समजत होता. तो बैठक सोडून गेला, दिवे मंद केले, पाणी प्यायला आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी हाताशी ठेवून पडला. डोके दुखायला लागताच, दुखणे अजून सौम्य असतानाच त्याने ती घेतली, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे नेहमी दोन दिवस चालणारा तो झटका त्या रात्री चार तासांत आवरला. पुढच्या रविवारी त्याचे नाव जांभईकर पडले. आता बैठकीत कोणीही जांभई दिली की सगळे त्याच्याकडून निदान मागतात आणि तो ते मोठ्या जबाबदारीने करतो. हीच माहिती मी एका पत्रकात दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा विसरले होते. जांभईकराचे नाव पडल्यापासून मी ती कधीही विसरलेली नाही.

गोळ्यांच्या हिशेबाचेही असेच झाले आहे. अर्धशिशीच्या औषधांचा अतिरेक झाला तर त्या औषधांनीच डोके दुखू लागते, हे या आजारातले एक क्रूर सत्य आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ ट्रिप्टान वर्गातील, म्हणजे खास अर्धशिशीचा झटका थांबवण्यासाठीची, औषधे महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, अथवा साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस घेतली जात असतील तर हा धोका गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. प्रत्येकाने कॅलेंडरवर खुणा कराव्यात असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात ते सोडून देतात. आमच्या गटाने या खुणांना ‘रजा’ असे नाव दिले आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाच्या खात्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेली किरकोळ रजा जमा होते आणि गोळीचा एकेक दिवस त्यातून वजा होतो. “माझी वीस तारखेलाच सहा संपली, साहेब रजा नामंजूर करणार,” असे नक्षीकराने लिहिले की हसू येते, पण त्याच्या पाठोपाठ तीन जण आपापली शिल्लकही कळवतात आणि कोणाची रजा भराभर संपते आहे हे उघडे पडते. एका सदस्येची शिल्लक सलग तीन महिने शून्याखाली गेली होती. गटातील एकाने तिला खासगीत विचारले, ती डॉक्टरांकडे परत गेली आणि तिची औषधयोजना बदलली. गेल्या वर्षभरात मी स्वतः एकही महिना हिशेब चुकवलेला नाही. नुसत्या शिस्तीच्या बळावर मला हे आधी कधीच जमले नव्हते.

शुक्रवारी ‘सल्लासंमेलन’ असते. त्या आठवड्यात नातेवाईक, शेजारी, सहकारी किंवा वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने दिलेला सर्वांत अफाट सल्ला प्रत्येकाने लिहायचा. “डोकं दुखतं कारण तुम्ही डोकं फार वापरता,” हा सल्ला गेल्या वर्षीचा विजेता ठरला. यात एक नियम फार कसोशीने पाळतात आणि तो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो : सल्ल्याला हसायचे, सल्ला देणाऱ्याला नाही. त्याचे नाव, नाते किंवा नक्कल करायची नाही. बहुतेक सल्ले मायेपोटी दिलेले असतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि संमेलनात मन मोकळे झाल्यामुळे शनिवारी त्याच माणसाशी प्रेमाने बोलता येते असे अनेकांनी सांगितले आहे. माझ्या सासूबाईंशी माझे संबंध सुधारण्यात या शुक्रवारांचा वाटा मोठा आहे.

परस्परांच्या आधारावर चालणाऱ्या गटांत हलकेफुलकेपण जपण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या व्यसनमुक्तीच्या संघटनेत ‘नियम क्रमांक ६२’ अजूनही सांगितला जातो. एका गावातील उत्साही सदस्यांनी भव्य केंद्राची योजना आखून त्यासाठी ६१ नियम तयार केले, योजना कोसळली, आणि मग त्यांच्या म्होरक्याने सर्वांना एक कार्ड पाठवले, त्यावर बासष्टावा नियम होता. त्याचा आशय असा की स्वतःचे फार स्तोम माजवू नका. समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडले की अशा गटांत मदत करणाऱ्यालाही मदतीचा लाभ होतो, कधी कधी घेणाऱ्याहून अधिक. हे मी रोज पाहते. स्वतः दोन पडद्यांत असलेली उशीकर मावशी दुसऱ्याच्या वाक्यावर ‘हसले’ असे लिहिते, तेव्हा त्या एका शब्दाने दोघींचेही काहीतरी हलके झालेले असते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांच्या हातावर गोठवलेले आवरण चढवून किंवा रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून त्यांची सहनशक्ती मोजली होती, आणि एकत्र हसून झाल्यावर ती वाढलेली आढळली. ते प्रयोग अर्धशिशीवर नव्हते, त्यामुळे हसल्याने आमचा आजार कमी होतो असा दावा मी करणार नाही आणि गटातही कोणी करत नाही. झटका आलेला असताना हसू हे औषध नव्हे. दोन झटक्यांच्या मधले दिवस मात्र भीतीत जात नाहीत, आणि माझ्यासाठी ते फार मोठे आहे, कारण पूर्वी मी चांगले दिवससुद्धा पुढच्या झटक्याची वाट पाहण्यात घालवत असे.

आता उणिवा. पहिली उणीव सर्वांत गंभीर आहे आणि ती मी पाहिलेली आहे. सुमारे वर्षापूर्वी एका नव्या सदस्येने आपल्या पहिल्याच बैठकीत “आठवडाभर घरीच आहे” असे म्हटले, आणि सवयीने कोणीतरी “मग रजा शिल्लक दिसते” असे बोलून गेले. दोघे-तिघे हसले. मीही त्यांत होते. त्या बाईंना वारंवारच्या गैरहजेरीमुळे नोकरी सोडावी लागली होती, आणि त्या तेच सांगायला आल्या होत्या. त्यांचा आवाज थांबला. कॅमेरे बंद असल्यामुळे कोणाला त्यांचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तर कदाचित कोणीतरी लवकर सावरून घेतले असते. बोलणाऱ्याने लगेच क्षमा मागितली, एका स्वयंसेवकाने बैठकीनंतर त्यांच्याशी बोलण्याचा प्रयत्न केला, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. याचे मला आजही वाईट वाटते. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ साली विनोदाच्या चार शैली सांगितल्या होत्या : माणसे जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला खाली दाखवणारी आणि स्वतःलाच कमी लेखून इतरांना खूश करणारी. त्या दिवशी बोललेले वाक्य आमच्या मते पहिल्या शैलीतले होते आणि ऐकणारीसाठी तिसऱ्या. वाक्य तेच, नाते नव्हते. त्यानंतर गटाने ठरवले की नव्या माणसाच्या पहिल्या तीन बैठकांत त्याच्या बोलण्यावर थट्टा करायची नाही, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकायचे आणि थट्टेची सुरुवात त्याच्याकडून होऊ द्यायची. हा नियम आधीपासून असायला हवा होता.

दुसरी उणीव म्हणजे या गटाची आपापसातली भाषा. पडदे, रजा, संमेलन, आडनावे हे सगळे आतल्यांना गोड वाटते, पण नव्याला ती भिंत वाटू शकते. स्वयंसेवकांनी आता दहा-बारा शब्दांचा छोटा कोश केला आहे आणि तो सामील होताना दिला जातो. तो चांगला आहे, तरी पहिले दोन आठवडे थोडे परके वाटतेच. तिसरी गोष्ट संदेशांची संख्या. एखाद्या शुक्रवारी दीडशेच्या वर संदेश येतात, आणि डोके जड असताना ते वर सरकवत जाणे हाच एक त्रास होतो. सूचनांचा आवाज बंद ठेवावा, फोनच्या पडद्याचा उजेड कमीत कमी करावा आणि सगळे वाचलेच पाहिजे हा हट्ट सोडावा. ध्वनिसंदेशांवर एक मिनिटाची मर्यादा आहे, ती सर्वांनी पाळली तर बरे होईल. बैठकीची वेळ बदलत नाही, त्यामुळे रविवारी काम असलेल्यांची सोय होत नाही, आणि यावर मागणी करूनही अद्याप काही झालेले नाही.

वैद्यकीय बाबतीत मात्र मला हा गट पूर्णपणे विश्वासार्ह वाटला. कोणत्याही औषधाची मात्रा सुचवण्यास बंदी आहे, ‘माझे औषध घेऊन बघा’ असे लिहिलेला संदेश काही मिनिटांत काढला जातो. आणि थट्टा कुठे थांबते याची रेषा स्पष्ट आखलेली आहे : अचानक, काही सेकंदांत उसळलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, तापाबरोबर मान ताठ होणे, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, यांपैकी काहीही कोणी लिहिले तर गटात एकच उत्तर जाते, ‘आत्ता रुग्णालयात जा’, आणि ती व्यक्ती पोहोचल्याचे कळेपर्यंत दुसरे कोणी काही लिहीत नाही. माझ्या काळात असे एकदा घडले. नेहमी सर्वांत आधी कोटी करणारे अंधारकर काकाच त्या रात्री दोन तास त्या व्यक्तीच्या घरच्यांच्या संपर्कात होते.

मैत्रीविषयी शेवटी सांगायचे तर, या माणसांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. रस्त्यात शेजारून गेले तरी ओळखणार नाही. पण कोणाच्या घरी कोणती खिडकी पश्चिमेला आहे, कोणाला पाऊस येण्याआधी त्रास होतो, कोण झटका ओसरल्यावर अकारण रडवेला होतो आणि त्या दिवशी त्याच्याशी फक्त हवामानाविषयी बोलायचे असते, हे मला माहीत आहे. झटक्यानंतरचा तो पिळून काढल्यासारखा दिवस अनेकांना येतो, आणि घरच्यांना वाटते की दुखणे संपले म्हणजे माणूस बरा झाला. गटात त्या दिवसाला ‘वाळत घातलेला दिवस’ म्हणतात. “आज दोरीवर आहे,” एवढे लिहिले की पुरते, आणि कोणीतरी हमखास लिहिते, “चिमटे घट्ट लावा.” तीन दिवस कोणाचा शब्द आला नाही तर विचारणा होते, पाचव्या दिवशी फोन जातो. हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही.

हा गट कोणासाठी आहे? ज्यांना केवळ माहिती हवी आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलावे किंवा चांगले पुस्तक वाचावे. इथे माहिती मिळते, पण ती गप्पांमधून वेचावी लागते. नुकत्याच मोठ्या आघातातून गेलेल्यांनी आधी स्वयंसेवकांशी एकट्याने बोलून मग बैठकीला यावे असे मी सुचवीन. ज्यांना वर्षानुवर्षे हा आजार आहे आणि त्याविषयी बोलताना घरात आपलाच आवाज आपल्याला नकोसा झाला आहे, त्यांनी मात्र निदान चार रविवार द्यावेत. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेचार देईन. अर्धा त्या बाईंसाठी राखून ठेवला आहे.

चार पडद्यांचा नियम सांगायचा राहिला. कोणी ‘चार’ असा नुसता आकडा लिहिला की बाकीचे ‘ओढला’ एवढाच शब्द लिहितात, म्हणजे मीही माझा पडदा ओढून घेतला आहे, आणि मग सकाळपर्यंत गटात कोणीही काही लिहीत नाही. गेल्या महिन्यात एका रात्री मी ‘चार’ लिहून फोन पालथा ठेवला. सकाळी उचलला तेव्हा माझ्या आकड्याखाली अकरा वेळा ‘ओढला’ होते, त्यानंतर सात तास काहीही नव्हते, आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी अंधारकर काकांनी विचारले होते, “उजाडलं का?”

मी लिहिले, “अर्धं.”